उमर खय्याम : गणिती आणि रुबायांचे कर्तृत्व

निझामी अरूझी समरकंदी याच्या ‘चहार मकाला’ या बाराव्या शतकाच्या मध्यास लिहिल्या गेलेल्या ग्रंथात लेखनिक, कवी, ज्योतिषी आणि वैद्य अशा चार वर्गांचा परामर्श घेतलेला आहे. उमर खय्यामला प्रत्यक्ष भेटलेल्या या ग्रंथकाराने त्याच्या आठवणी ज्योतिष्यांच्या प्रकरणात नोंदविल्या आहेत; कवींच्या प्रकरणात त्याला स्थान नाही. खय्यामच्या वाङ्मयीन कर्तृत्वाचा प्रश्न या वर्गीकरणापासूनच उपस्थित होतो.

गणिती खय्यामविषयी असा संदेह नाही. नीशापूर येथे १०४८ मध्ये जन्मलेल्या खय्यामने १०७० च्या सुमारास समरकंद येथे बीजगणितावरील प्रबंध लिहिला. त्रिघाती समीकरणांचे पद्धतशीर वर्गीकरण करून वर्तुळ, अन्वस्त व अपास्त यांच्या छेदनबिंदूंच्या साहाय्याने त्याने त्यांची मुळे काढली. निव्वळ अंकगणिती उकल आपणास साधली नाही, ती उत्तरकालीनांना कदाचित साधेल, हेही नमूद केले. सेल्जुक सुलतान मलिकशाहच्या आश्रयाने इस्फहान येथे चाललेल्या वेधकार्यातून १०७९ मध्ये जलाली पंचांग सिद्ध झाले. त्यात वर्षारंभ वसंतसंपाताशी निगडित केलेला आहे. १०९२ मध्ये वझीर निजामुल्मुल्कची हत्या आणि पाठोपाठ सुलतानाचा मृत्यू झाल्याने वेधशाळेचा राजाश्रय संपला. खय्याम ११३१ मध्ये निवर्तला.

रुबायांची स्थिती याहून अगदी भिन्न आहे. नज्मुद्दीन राझी हा सूफी १२२३ मध्ये खय्यामच्या दोन फारसी रुबाया उद्धृत करतो, त्या भरकटलेल्या तत्त्वज्ञाचा दाखला म्हणून. १४६० च्या बोडलियन हस्तलिखितात ही संख्या १५८ होते आणि पुढील संग्रहांत ती कित्येक शेकड्यांवर जाते. यांतील ८२ रुबाया अन्य कवींच्या नावांवरही आढळतात, हे झुकोव्हस्की या रशियन पंडिताने १८९७ मध्ये दाखविले. विसाव्या शतकाच्या मध्यास तेराव्या शतकातील म्हणून पुढे आलेली हस्तलिखितेही कालांतराने बनावट ठरली.

या वाढीचे एक कारण रचनाप्रकारातच आहे. गझलेच्या अखेरीस कवीचे नाव गुंफण्याची रूढी असते. चार चरणांच्या स्वयंपूर्ण रुबाईत तशी मुद्रा नसते. दुसरे कारण राझीच्या निषेधात दडलेले आहे. इब्न सीनाच्या परंपरेतील हा तत्त्वज्ञ-गणिती संशयवादी ठरविला गेल्यावर, स्वतःच्या नावाने म्हणण्यास अवघड असा संशय त्याच्या नावे म्हणता येऊ लागला. अर्थात शास्त्रज्ञाच्या प्रतिष्ठेनेच त्याला कवीचे कर्तृत्व बहाल केले. येथे लेखकनाम हे संहितेचे उगमस्थान नसून तिचे संघटनतत्त्व आहे.

वर्णानुक्रमे लावलेल्या सुट्या रुबायांतून फिट्झजेरल्डने १८५९ मध्ये ७५ कडव्यांचे, पहाटेपासून चंद्रोदयापर्यंतचे एकसंध काव्य घडविले. मराठीत माधव ज्यूलियन यांनी मूळ फारसीवरून ‘उमरखय्यामकृत रुबाया’ (१९२९) आणि फिट्झजेरल्डवरून ‘द्राक्षकन्या’ (१९३१) अशी दोन स्वतंत्र भाषांतरे सिद्ध केली. या दोहोंना एकाच कवीची दोन रूपे मानणे सोयीचे असले, तरी ऐतिहासिकदृष्ट्या ते असमर्थनीय आहे. एकामागे शतकानुशतके साचत गेलेला अनामिकांचा संग्रह उभा आहे, तर दुसऱ्यामागे एका व्हिक्टोरियन कवीची रचनादृष्टी. तुलनात्मक अभ्यासात हा भेद सांभाळला, तरच नीशापूरच्या गणितज्ञाला आणि त्याच्या नावाआड राहिलेल्या अज्ञात कवींनाही न्याय मिळेल.