बाळाच्या तोंडातली बुरशी आणि एचए कंपनी

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरू होतो मोशीतल्या एका टू-बीएचकेमध्ये, रात्री दोन वाजता.

ताईचं बाळ दीड महिन्याचं होतं. जिभेवर आणि गालांच्या आत दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे डाग दिसायला लागले. आधी वाटलं दूध साचलंय. पण दूध ओल्या फडक्याने पुसलं की निघतं. हे निघेना, आणि जरा जोर लावला तर खाली लालभडक. इकडे ताईला पाजताना काच टोचल्यासारखं व्हायचं. बाळ भुकेने रडायला लागलं की हिच्याच पोटात गोळा. शेजारच्या काकूंचं निदान तयार होतं: "दूध बाधलंय गं, आठ दिवस पावडरवर ठेव." आजीचा उपाय वेगळा. टाकणखाराची लाही मधात कालवून जिभेला लावायची.

दोन्ही सल्ले प्रेमाने दिलेले, दोन्ही चुकीचे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो तान्ह्या बाळाला विषारी ठरू शकतो. आणि मधातून एक वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम होण्याचा धोका असतो. दुधाचा तर यात काहीच दोष नाही. ही कॅन्डिडा नावाची बुरशी आहे. इंग्रजीत या आजाराला थ्रश म्हणतात. बाळाच्या तोंडातून ती आईच्या स्तनाग्रावर जाऊ शकते आणि तिथून परत बाळाकडे. म्हणून एकट्या बाळाला औषध दिलं तर चक्र तुटत नाही. डॉक्टरांनी दोघांनाही औषध दिलं आणि सांगितलं, पाजणं थांबवू नका.

हे आज एका वाक्यात सांगता येतं, पण इथपर्यंत यायला फार वेळ लागला. तोंडातल्या पांढऱ्या डागांचं वर्णन हिप्पोक्रेटिसच्या काळापासून आहे. ही बुरशी आहे हे मात्र 1840 च्या आसपास कळलं. स्टॉकहोमच्या अनाथाश्रमात काम करणारे डॉ. बर्ग यांनी ती बाळांच्या तोंडात शोधली आणि दूध पाजायच्या सामायिक भांड्यांवर बोट ठेवलं. शत्रू कळला, पण मारायचा कशाने? कित्येक वर्षं जेन्शन व्हायोलेट लावत. जांभळं तोंड, जांभळी दुपटी, जांभळा ब्लाऊज. तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, आठवेल.

मग पेनिसिलिन आलं, आणि इथे कथेला गंमतशीर वळण लागतं. अँटिबायोटिक जीवाणू मारतं, बुरशीला हातही लावत नाही. आपल्या तोंडात जीवाणू आणि बुरशी एकमेकांना जागा देत-घेत राहतात. जीवाणू साफ झाले की बुरशीला मोकळं रान. अँटिबायोटिकचा वापर वाढला तशी कॅन्डिडाची डोकेदुखीही वाढली. एक बग फिक्स केला आणि दुसरा उघडा पडला, असा प्रकार.

उत्तर दोन बायकांनी शोधलं. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचल ब्राउन ऑल्बनीला. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात. हेझन मातीतले जीव वाढवून तपासायच्या, नमुने काचेच्या बरण्यांत पोस्टाने ऑल्बनीला जायचे, ब्राउन त्यातलं रसायन वेगळं काढायच्या. 1950 मध्ये त्यांनी निस्टॅटिन जाहीर केलं. न्यूयॉर्क स्टेट, म्हणून निस्टॅटिन. रॉयल्टीचे 1 कोटी 30 लाख डॉलर आले, ते सगळे दोघींनी संशोधनाला देऊन टाकले.

आता आपल्या गावाकडे या. मोशीहून भोसरीमार्गे पिंपरीला गेलात की दहाएक किलोमीटरवर हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. आपल्याकडे कोणी पूर्ण नाव घेत नाही, एचए कंपनी म्हणतात. 1954 मध्ये सरकारने ती उभी केली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत घेऊन. काम होतं पेनिसिलिन देशातच बनवायचं, आणि 1955 मध्ये ते सुरूही झालं. पिंपरी-चिंचवड उद्योगनगरी व्हायच्या आधीची ही गोष्ट.

तिथल्या संशोधन विभागाचे प्रमुख होते एम. जे. थिरुमलाचार, मूळचे बुरशीचे अभ्यासक. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या टीमने मातीतल्या एका जीवाणूपासून बुरशीवरचं औषध काढलं. औषधाचं नाव हॅमायसिन, त्यातलं 'हॅ' हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचं. जीवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हो, आपलीच पिंपरी, लॅटिन शेपूट लावून. न्यूयॉर्कने औषधाला राज्याचं नाव दिलं, आपण जीवाणूला गावाचं.

हॅमायसिन निस्टॅटिनच्याच कुटुंबातलं. ही औषधं बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉलला चिकटतात आणि आवरणाला भोकं पाडतात. आपल्या पेशींत एर्गोस्टेरॉल नसतं, कोलेस्टेरॉल असतं, म्हणून माणूस बऱ्यापैकी वाचतो. हॅमायसिन पाण्यात निस्टॅटिनपेक्षा जास्त विरघळतं, पण पोटातून भरवशाने शोषलं जात नाही. त्यामुळे ते वरून लावायचं औषध राहिलं: तोंडातला थ्रश, त्वचेवरची आणि योनिमार्गातली बुरशी, कानातली बुरशी. भारतातल्या फार्माकॉलॉजीच्या पाठ्यपुस्तकात त्यावर परिच्छेद आहे. एमबीबीएसवाले ते पाठ करतात आणि पिंपरी स्टेशनवरून लोकल पकडतात, बहुतेक नातं न जोडता.

पुढे स्वस्त आणि सोपी नवी औषधं आली, हॅमायसिन मागे पडलं. कंपनीचंही तेच झालं. 1997 मध्ये ती आजारी उद्योग म्हणून नोंदली गेली आणि 2016 मध्ये केंद्राने तिची जादा जमीन विकायचा निर्णय घेतला. आज पोरांना एचए म्हटलं की मैदान आठवतं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

ताईला लिहून दिलेलं औषध हॅमायसिन नव्हतं. बाळाचं तोंड आठवडाभरात स्वच्छ झालं, पण डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस औषध चालू ठेवलं. चोखणी आणि पंपाचे भाग रोज उकळले. थ्रशच्या काळात काढून फ्रीझरमध्ये ठेवलेलं दूध मात्र नंतरसाठी जपून ठेवलं नाही, कारण गोठवल्याने ही बुरशी मरत नाही. ताईचं दुखणं तरी पूर्ण गेलं नाही. परत दाखवल्यावर कळलं की बाळाची पकडच उथळ होती, ते फक्त टोकाला धरत होतं. स्तनाग्र दुखण्याचं ते फार नेहमीचं कारण आहे आणि दर वेळी त्याचं खापर बुरशीवर फुटतं. नर्सने बाळाला जवळ घेऊन, हनुवटी टेकवून, तोंड मोठं उघडल्यावर लावायला शिकवलं. त्या रात्री दोन वाजता ताईचा मेसेज आला, "पाजलं. दुखलं नाही."