रूळबंधने : खानदेशातील लोहमार्गांवरील

लोहमार्गाचे रूळ त्यांखालील आडव्या स्लीपरांना घट्ट जखडून ठेवणाऱ्या साधनांस रूळबंधने म्हणतात. खिळे, मळसूत्री खिळे, बिडाच्या खुर्च्या, पाचरी, बैठकपट्ट्या व स्थितिस्थापक क्लिपा ही त्यांची प्रमुख रूपे होत. दोन रुळांमधील अंतर (भारतीय रुंदमापी मार्गावर १,६७६ मिमी.) कायम राखणे, चाकांखाली रूळ उचलला किंवा कलंडला जाऊ न देणे, तो लांबीच्या दिशेने सरकू न देणे आणि गाडीचा भार स्लीपरांमार्फत खडीवर पोहोचविणे ही त्यांची कार्ये आहेत. बंधन ढिले झाले, की ही चारही कार्ये एकदमच बिघडू लागतात. म्हणून आकाराने लहान असूनही लोहमार्गाच्या सुरक्षिततेत त्यांचे स्थान रुळाइतकेच महत्त्वाचे आहे.

खानदेशाच्या हवामानात या बंधनांची कठोर परीक्षा होते. भुसावळ–खांडवा मार्गावरील दुसखेडा, सावदा, निंभोरा व रावेर ही स्थानके तापी नदी आणि सातपुडा यांमधील सपाट, काळ्या जमिनीच्या पट्ट्यात आहेत. उन्हाळ्यात येथील हवेचे तापमान ४५° से. च्या वर जाते आणि उन्हात तापलेला रूळ हवेपेक्षा साधारणतः १५° ते २०° से. अधिक उष्ण असतो. हिवाळ्याच्या रात्री मात्र थंडी केळीच्या बागांना बाधण्याइतकी पडते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसात मऊ पडते. त्यामुळे स्लीपरांची बैठक हलते आणि तो ताण अखेरीस बंधनांवर येतो. रूळ बांधण्याच्या ज्या पद्धती इंग्लंडच्या दमट व सौम्य हवेत उपजल्या, त्या येथे जशाच्या तशा टिकू शकल्या नाहीत. खानदेशातील रूळबंधनांचा इतिहास हा मुख्यतः या विसंगतीवर शोधलेल्या उपायांचा इतिहास आहे.

लोहमार्गाचे आगमन : ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जी. आय. पी.) रेल्वे कंपनी १८४९ मध्ये कायद्याने स्थापन झाली आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर तिची पहिली प्रवासी गाडी धावली. कंपनीचे मुख्य अभियंते जेम्स जॉन बर्कली (१८१९–६२) यांनी बोरघाट व थळघाट येथील चढणींची आखणी केली. थळघाटातील चढणीचा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. परंतु इगतपुरी–नासिक हा घाटमाथ्यावरील टप्पा १८६१ मध्येच सुरू झाला होता. साहजिकच घाटापलीकडे लागणारे सुरुवातीचे जड लोखंडी सामान घाटातील रस्त्यानेच वर चढवावे लागले. खानदेशातून पुढे जाणारी एक शाखा १८६६ मध्ये खांडव्यास व दुसरी १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जबलपूर येथे जी. आय. पी. चा मार्ग ईस्ट इंडियन रेल्वेला जोडला गेला आणि सावद्यावरून जाणारा हा मार्ग मुंबई–कलकत्ता या प्रमुख मार्गाचा भाग बनला.

दुतोंडी रूळ, खुर्ची व चावी : जी. आय. पी. च्या आरंभीच्या मार्गांवर इंग्लंडमध्ये रूढ असलेले दुतोंडी रूळ वापरले गेले. अशा रुळाचे वरचे व खालचे तोंड सारखेच असे. तो स्वतःच्या बळावर उभा राहू शकत नसल्याने स्लीपरावर बिडाची खुर्ची ठोकून तीत तो बसवीत आणि रुळाचा मधला अरुंद भाग व खुर्चीचा जबडा यांमधील फटीत दाबून घट्ट केलेल्या लाकडाची पाचर मारीत. हीच पाचर लोहमार्गावरील कामगारांच्या बोलीत ‘चावी’ म्हणून ओळखली जाते. दुहेरी मार्गावर चावी गाडीच्या गतीच्या दिशेने ठोकण्याचा प्रघात पडला. कारण गाड्यांच्या ओढीने रूळ त्याच दिशेने सरकू पाहतो व चावी त्यामुळे अधिकच घट्ट बसते.

इंग्रज अभियंते जोसेफ लॉक यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या या रुळामागे काटकसरीची कल्पना होती. वरचे तोंड झिजल्यावर रूळ उलटा करून पुन्हा वापरता येईल, असे मानले गेले. प्रत्यक्षात खालचे तोंड खुर्चीवर सतत आपटून त्यावर खाचा पडत आणि उलटलेल्या रुळावरून गाडी खडखडत जाई. त्यामुळे ही अपेक्षा फोल ठरली. खानदेशासारख्या प्रदेशात लाकडी चावीचा दोष त्याहून गंभीर होता. पावसाळ्यात फुगून घट्ट बसलेले लाकूड कोरड्या उन्हाळ्यात आकसते, गाड्यांच्या कंपनांनी चावी मागे सरते व शेवटी गळून पडते. याच दिवसांत रूळ प्रसरण पावत असल्याने त्याला पकडीची सर्वाधिक गरज असते. गळालेली चावी वेळीच परत ठोकण्यासाठी रोज संपूर्ण मार्ग पायी तपासणे अपरिहार्य ठरले.

लाकडाची टंचाई व लोखंडी स्लीपर : लाकडी स्लीपरांस वाळवी, कुजणे व उन्हाने तडकणे यांपासून धोका असे. साग टिकाऊ असला, तरी त्याची मागणी अफाट होती. एक मैल मार्गास सु. १,७६० ते २,००० स्लीपर लागत आणि ते दहा-पंधरा वर्षांत बदलावे लागत. रेल्वेच्या या गरजेमुळे जंगलांची तोड वाढली. १८६४ मध्ये वनखात्याची स्थापना व १८७८ चा वनकायदा यांच्यामागे लाकडाचा हा पुरवठा सुरक्षित करण्याचा हेतू प्रबळ होता. वनकायद्याने राखीव जंगलांत शासनाची सत्ता दृढ झाली आणि तेथील आदिवासींच्या परंपरागत हक्कांवर मर्यादा आल्या. रूळ कशाला बांधावयाचा, हा प्रश्न अशा रीतीने केवळ अभियांत्रिकीचा राहिला नाही.

यावरचा एक उपाय म्हणजे बिडाचे स्लीपर. ग्रीव्ह्ज यांनी १८४६ मध्ये एकस्व घेतलेला वाडग्याच्या आकाराचा स्लीपर ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया–कैरो मार्गावर आणि पुढे भारतातही वापरला गेला. यात प्रत्येक रुळाखाली एक पालथे वाडगे असे व समोरासमोरची दोन वाडगी लोखंडी पट्टीने जोडलेली असत. पुढे सपाट तळाचे बिडाचे व पन्हळीच्या आकाराचे पोलादी स्लीपरही आले. विसाव्या शतकात या प्रकारांचे गुण एकत्र करून तयार झालेला सी. एस. टी.–९ हा बिडाचा स्लीपर भारतात अनेक दशके सर्वत्र प्रचलित होता. त्यात रुळाला आतील बाजूस १:२० असा कल मिळे आणि लाकडी चावीऐवजी पोलादी चावी वापरली जाई. पोलादी चावी उन्हाने आकसत नाही, हा मोठाच लाभ होता. तथापि तिची पकड ताठर असल्याने प्रत्येक गाडीच्या कंपनाबरोबर ती थोडी थोडी सुटे. शिवाय धातूचे स्लीपर दोन रुळांमध्ये विद्युत् प्रवाह वाहू देतात. त्यामुळे रुळांतील प्रवाहावर चालणाऱ्या आधुनिक संकेत-यंत्रणेस ते अयोग्य ठरले.

सपाट पायाचा रूळ व खिळा : अमेरिकेत रॉबर्ट स्टीव्हन्स यांनी १८३० च्या सुमारास व इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हिग्नोल्झ यांनी १८३० नंतरच्या दशकात पुरस्कारलेला सपाट पायाचा रूळ हळूहळू दुतोंडी रुळाची जागा घेऊ लागला. त्याला खुर्चीची गरज नसते. रुंद पाया थेट स्लीपरावर टेकवून बाजूंनी खिळे ठोकले, की काम भागते. कुत्र्याच्या डोक्यासारख्या माथ्यामुळे यास ‘डॉग स्पाइक’ असे नाव मिळाले. हा खिळा केवळ लाकडाच्या घर्षणावर टिकून असतो. चाकापुढे रुळाची लाट उठते व ती प्रत्येक वेळी खिळ्यास किंचित वर खेचते. वारंवार ठोकल्याने भोक मोठे होऊन धड लाकूडही निकामी होते. मळसूत्री खिळ्याची पकड याच्या सु. दुप्पट असते, पण तो बसविण्यास वेळ व कौशल्य अधिक लागते. रूळ लाकडात रुतू नये म्हणून दोहोंमध्ये पोलादी बैठकपट्टीही घालतात.

लांब रूळ, काँक्रीट व स्थितिस्थापक क्लिप : पूर्वी दोन रुळांच्या सांध्यात प्रसरणासाठी फट ठेवून ते फिशपट्ट्यांनी जोडीत (ब्रिजेस ॲडम्स यांचे एकस्व, १८४७). तापमान ४०° से. ने वाढल्यास १३ मी. लांबीचा रूळ सु. ६ मिमी. वाढतो व ती वाढ फटीत सामावते. मात्र सांध्यावर चाके आदळून रुळाची टोके व बंधने लवकर खराब होतात. म्हणून रूळ एकमेकांस वितळजोड देऊन लांबच लांब केले जाऊ लागले. अशा रुळास मधल्या भागात प्रसरण पावण्यास वाव नसतो. बंधने त्यास स्लीपरांशी व खडी स्लीपरांना जागच्या जागी रोखून धरतात आणि रुळात प्रचंड दाब साठतो. दर मीटरला ६० किग्रॅ. वजनाच्या एका रुळात प्रत्येक अंश सेल्सिअसला सु. १·९ टन, म्हणजे ३०° से. वाढीस सु. ५७ टन दाब निर्माण होतो. पकड कमी पडल्यास मार्ग बाजूस वाकून गाडी घसरू शकते. खानदेशाच्या उन्हाळ्यात हा धोका नित्याचा असल्याने रुळाचे तापमान ठराविक मर्यादेपलीकडे गेले, की खास उन्हाळी गस्त घालतात.

हा भार लाकूड किंवा ताठर चावी यांना पेलणारा नव्हता. त्यासाठी पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे जड स्लीपर आणि नॉर्वेजियन रेल्वे अभियंते पेर पांडे-रोल्फसेन यांनी १९५० नंतरच्या दशकात शोधलेली ‘पँड्रॉल’ क्लिप यांची जोडी उपयोगी पडली. मँगॅनीज-सिलिकॉनयुक्त स्प्रिंग पोलादाची ही वळवलेली सळई काँक्रीटमध्ये रुजविलेल्या बिडाच्या खोबणीत ठोकून बसवितात. तिचे टोक रुळाचा पाया दाबून धरते. भारतात रूढ असलेल्या तिसऱ्या नमुन्याच्या क्लिपेचा दाब ८५० ते १,१०० किग्रॅ. असतो. रूळ वरखाली हलला, तरी क्लिप त्याच्यासोबत लवते व दाब टिकवून धरते. रुळाखालची रबरी गादी धक्के शोषते आणि नायलॉनची अस्तरपट्टी विद्युत् प्रवाह अडविते. लखनौ येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेने भारतीय परिस्थितीसाठी या बंधनांची मानके ठरविली.

क्लिपही निर्दोष नाही. गंजून ती खोबणीत जाम होते, वयोमानानुसार तिचा दाब उतरतो आणि रबरी गादी चिरडली, की पकड सैल पडते. यासाठी ठराविक काळाने क्लिपा काढून, साफ करून व वंगण लावून पुन्हा बसवाव्या लागतात.

चावीवाला : जी. आय. पी. रेल्वे १९२५ मध्ये सरकारच्या व्यवस्थापनाखाली आली आणि १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. सावदा, निंभोरा व रावेर या स्थानकांवरून केळी उत्तरेकडे जाऊ लागली. २०२१ मध्ये सावद्याहून दिल्लीकडे केळींच्या किसान रेल गाड्याही धावल्या. नाशवंत माल वेळेत पोहोचणे हे मार्ग अखंड खुला राहण्यावर, म्हणजे अखेरीस बंधनांच्या पकडीवर अवलंबून असते. या पकडीची रोजची जबाबदारी ज्याच्यावर असते, तो टोळीतील कामगार आजही चावीवाला किंवा कीमन म्हणून ओळखला जातो. खांद्यावर हातोडा व पाना, सोबत लाल झेंडी व धोक्याचे फटाके घेऊन तो आपल्या टप्प्यातील मार्ग दररोज पायी तपासतो. सुटलेली क्लिप बसविणे, ढिला बोल्ट आवळणे आणि तुटलेला रूळ आढळल्यास गाडी थांबविणे ही त्याची कामे आहेत. त्यांपैकी शेवटच्या कामात अनेकांचे प्राण त्याच्या सावधपणावर अवलंबून असतात. तो स्वतः चालत्या गाड्यांच्या मार्गातच काम करीत असल्याने त्याचा जीवही पणास लागलेला असतो.

भुसावळ–खांडवा या १३१ किमी. मार्गावर तिसरी व चौथी मार्गिका टाकण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. लाकडी चावी या प्रदेशातील मुख्य मार्गांवरून केव्हाच नाहीशी झाली आणि पोलादी चावीही मागे पडली. परंतु चावीवाल्याचे नाव व त्याची रोजची पायपीट मात्र टिकून आहे. रुळाची पकड कितीही सुधारली, तरी ती तपासणाऱ्या माणसाची गरज संपलेली नाही, हेच त्यावरून दिसून येते.