पुढे काढलेली खिडकी

भिंतीच्या बाहेरच्या रेषेपुढे चौकट, काच आणि माथा काढून बसवलेली खिडकी. आत दीड-दोन फुटांचा कट्टा मिळतो, उजेड बाजूंनीही येतो आणि खोली आहे त्याहून ऐसपैस वाटते. पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यात जुने घर न पाडता नवे रूप द्यायचे ठरले, की दर्शनी भिंतीसाठी हिचा विचार होतो. तिचा प्रकार निवडताना इथे आधी पाऊस पाहावा, दिसणे मागाहून. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो.

पूर्वपीठिका : कोकणातल्या कौलारू घराने ही खिडकी कधी मागितली नाही. तिथे छपराची वळचण पुढे येते आणि खिडकी भिंतीच्या जाडीत मागे राहते. पागोळ्या अंगणात पडतात, चौकट कोरडी राहते. पडवीत झड येऊ नये म्हणून पावसाळ्यापूर्वी झावळ्यांचे आडोसे बांधायची रीत होती. घाटावर मात्र रस्त्याच्या अंगाला सज्जे काढण्याची हौस दिसते. पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचा (सुमारे १८०७-०८) कोरीव लाकडी सज्जा हे तिचे ठळक उदाहरण. जयपूरच्या हवामहालाचे (१७९९) झरोके सगळ्यांना ठाऊक असतात, पण ते कोरड्या मुलखातले. त्यांचे चित्र दाखवून पेणच्या गवंड्याकडून तसेच काम मागणे म्हणजे पुढच्या जुलैत गळतीला आमंत्रण.

प्रकार : मधली काच भिंतीला समांतर आणि दोन्ही बाजूंच्या काचा तिरक्या असतील तर ती बे खिडकी. सारख्या रुंदीच्या चार-पाच काचा गोलाईत बसवल्या की बो. बाजू काटकोनात असल्या की पेटी खिडकी, हिलाच बोलताना बॉक्स विंडो म्हणतात. वरच्या मजल्यावर कंसांच्या आधाराने तरंगती ठेवली तर ओरिएल. बो सर्वांत देखणी, पण तिच्यात सांधे सर्वांत जास्त, आणि पाणी शिरते ते काचेतून नव्हे, सांध्यातून. शिवाय तिचा गोल माथा नीट उतरता करणारा कारागीर सहज मिळत नाही. या परिसरासाठी पेटी खिडकीच सरस ठरते. तिला दोनच कोपरे, माथा सरळ उतरता करता येतो आणि नैर्ऋत्येकडची बाजू काचेऐवजी विटांची ठेवली तरी रूप बिघडत नाही. भिंत पूर्वेची किंवा उत्तरेची असेल तर बे घ्यायला हरकत नाही.

आधार : नूतनीकरणात खरी अडचण इथे येते. नव्या सांगाड्याच्या घरात तुळईतून स्लॅब पुढे काढता येतो. भारवाही भिंतींच्या जुन्या घरात तुळईच नसते. वजन बाहेर ओढणारा कट्टा नुसता भिंतीत खोचला तर वरच्या थरांना भेगा पडतात. तळमजल्यावर असेल तर खिडकी लोंबती न ठेवता जोत्यापासून बांधून घ्यावी. पाया थोडा वाढतो, काळजी मिटते.

पुढे आलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळया वरच्या अंगाला हव्यात, कारण ताण वर येतो. काँक्रीट ओतताना मजूर जाळीवर चालतात, सळया दबून खाली बसतात आणि टेकू काढताच छज्जा वाकतो किंवा पडतो. सळयांना वर उचलून धरणाऱ्या लोखंडी खुर्च्या खाली आहेत की नाहीत हे मालकाने स्वतः वाकून पाहावे. टेकू किमान चौदा दिवस हलवू नयेत.

पेणच्या खारेपाटात आणखी एक गोष्ट आहे. गोडे पाणी उन्हाळ्यात टँकरने येते, विहिरी-बोअर मचूळ, आणि बांधकाम नेमके त्याच महिन्यांत निघते. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार सळयांच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. मचूळ पाणी किंवा न धुतलेली खाडीची रेती वापरली की सळई गंजते, फुगते आणि खालचे काँक्रीट पापुद्र्यासारखे सुटते. पुढे काढलेला पातळ भाग याला आधी बळी पडतो. पाण्यावर वाचवलेले पैसे पुढे दुरुस्तीत कैक पटींनी जातात.

झडपा व ग्रिल : सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी साचते, ते जाण्याची भोके बाहेरून मोकळी हवीत. बसवणाराच कधी कधी ती सिलिकॉनने बुजवून टाकतो आणि वर ‘आता थेंब येणार नाही’ असे सांगतो. वर बिजागऱ्या असलेली, खालून ढकलून उघडायची झडप पावसात अधिक कामाची, कारण उघडी असतानाही ती छपरासारखी वागते. पण ती बाहेर उघडते, म्हणून ग्रिल लांब घ्यावे लागते आणि मच्छरजाळी आत येते. ग्रिल तर इथे लागतेच, चोरांइतकेच वानरांसाठी. त्यात एक भाग आतून उघडणारा ठेवावा, आग लागल्यास बाहेर पडता आले पाहिजे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जिल्ह्यात कौले आणि पत्रे उडाले. म्हणून खिडकीवर पत्र्याचा माथा नको. स्लॅब घालून त्याला पुढे उतार द्यावा आणि खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवावी. ही बोटभर खाच नसली की पाणी स्लॅबच्या पोटावरून मागे सरकत थेट चौकटीवर येते.

परवानगी : बाहेर काढलेला भाग चटईक्षेत्रात धरायचा का, हा वाद जुना आहे. मुंबईत १९९१ च्या नियमांनी खिडकीबाहेर कुंड्यांसाठी काढलेल्या कट्ट्याला, म्हणजे फ्लॉवर बेडला, चटईक्षेत्रातून सूट दिली होती. बांधकाम व्यावसायिकांनी तो भाग खोलीत घालून विकला, आणि जानेवारी २०१२ मध्ये ती वाट बंद झाली. मुंबईबाहेर बहुतेक राज्याला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. पेण आणि रोहा-अष्टमी नगरपरिषदांच्या हद्दीत बाहेर काढलेला भाग सामासिक अंतरात किती येतो, चटईक्षेत्रात धरला जातो का, हे काम सुरू करण्यापूर्वी आर्किटेक्टकडून नकाशावर दाखवून घ्यावे. शेजाऱ्याच्या हद्दीवर पागोळी पडली तर भांडण नियमावलीपर्यंत जायचीही वाट पाहत नाही.

तपासणी : काम मृगाच्या आत आटोपावे आणि रंग देण्यापूर्वी पाइपाने खालून वर, मग वरून खाली असे पाणी मारून पाहावे. गळणारा कोपरा तेव्हाच सापडला तर एका सांध्यात मिटतो, रंगानंतर सापडला तर अख्खी भिंत खरवडावी लागते.