अपूर्ण डाव, पूर्ण कारकीर्द : भाऊसाहेब निंबाळकर आणि क्रिकेटचा इतिहास

भारतीय क्रिकेटचा इतिहास बव्हंशी कसोटी सामन्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. जे खेळाडू कसोटी सामन्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत, त्यांची नोंद आकडेवारीच्या ग्रंथांत राहते, पण इतिहासाच्या कथनात त्यांना क्वचितच स्थान मिळते. भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर (1919-2012) हे या नियमाचे उदाहरण आहेत आणि अपवादही. त्यांचे नाव विसरले गेलेले नाही. परंतु ते ज्या एका डावामुळे स्मरणात राहिले, त्याच डावाने त्यांची उर्वरित कारकीर्द झाकून टाकली आहे.

हा डाव पुण्यात, पूना क्लबच्या मैदानावर, डिसेंबर 1948 मध्ये खेळला गेला. रणजी करंडक स्पर्धेतील या सामन्यात काठेवाडचा पहिला डाव 238 धावांत संपला. उत्तरादाखल महाराष्ट्राने 4 बाद 826 धावा केल्या. निंबाळकर आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी 455 धावांची भागीदारी रचली. तीत भांडारकरांचा वाटा 205 धावांच्या डावाचा होता. तिसऱ्या दिवशी उपाहाराच्या वेळी निंबाळकर 494 मिनिटांच्या खेळानंतर 443 धावांवर नाबाद होते. त्यात 49 चौकार आणि 1 षट्कार होता. डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद 452 धावांच्या तत्कालीन जागतिक विक्रमाशी बरोबरी करण्यास केवळ 9 धावा हव्या होत्या. काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला आणि तो डाव तेथेच थांबला.

येथपर्यंतची हकीकत धावफलकावरून सिद्ध होते. त्यापुढील बराच भाग मौखिक परंपरेचा आहे. आपल्या संस्थानाचे नाव विक्रमांच्या यादीत अशा रीतीने नोंदले जाऊ नये, असे ठाकोरसाहेबांना वाटले, असे सांगतात. ब्रॅडमन यांनी पुढे निंबाळकरांचे कौतुक केल्याचेही सांगतात. मराठी इतिहासलेखनाच्या परिभाषेत बोलायचे तर धावफलक हा दप्तरातील कागद आहे आणि या कथा म्हणजे बखर. बखरीला प्रमाण मानता येत नाही, तसे तिला निरर्थक ठरवणेही योग्य नव्हे. लोकांना कोणत्या गोष्टीची चुटपुट लागून राहिली, हे तिच्यातूनच कळते. या बखरीचा विषय 443 धावा हा नसून न झालेल्या 10 धावा हा आहे.

मात्र दप्तर वेगळेच काही सांगते. निंबाळकरांनी 80 प्रथम श्रेणी सामन्यांत 47.93 च्या सरासरीने 4841 धावा केल्या. त्यात 12 शतके आहेत. शिवाय मध्यमगती गोलंदाजीवर त्यांनी 58 बळी घेतले. पुण्याचा तो डाव हिशेबातून पूर्णपणे वगळला, तरी उरलेल्या 4398 धावांची सरासरी 43.5 हून अधिकच भरते. म्हणजे हा एका दिवसाच्या दैवयोगाने मोठा झालेला फलंदाज नव्हता. एकच डाव पुनःपुन्हा सांगण्याने नेमके हेच सत्य दृष्टीआड होते.

निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना का मिळाला नाही, या प्रश्नाचे उत्तर केवळ अन्याय या शब्दाने देता येणार नाही. वेस्ट इंडिजचा संघ त्याच वेळी भारताच्या दौऱ्यावर होता. पुण्याचा सामना मुंबई व कलकत्ता येथील कसोटी सामन्यांच्या दरम्यान झाला. त्या मालिकेत रूसी मोदी यांनी 560, तर विजय हजारे यांनी 543 धावा केल्या. मधल्या फळीत जागा मिळणे सोपे नव्हते. तथापि, जानेवारी 1949 मध्ये मद्रास येथे चेपॉकवर भारताचा एक डाव आणि 193 धावांनी पराभव झाला, हेही ध्यानात घ्यावे लागते. मोदी व हजारे यांच्या धावांमुळे निवडसमितीची अडचण समजते; 443 धावांच्या फलंदाजाला त्यापुढील वर्षांतही एकदाही संधी नसावी, हे मात्र त्यामुळे उलगडत नाही.

ही कारकीर्द बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान आणि रेल्वे अशा संघांतून घडली. ही नावे वाचताना राजाश्रयाकडून शासकीय आश्रयाकडे झालेला क्रिकेटचा प्रवासच वाचला जातो. होळकर संघाने 1954-55 च्या अंतिम सामन्यात इंदूर येथे मद्रासकडून 46 धावांनी हार पत्करली. मद्रासचे ते पहिले रणजी विजेतेपद. होळकर संघाचा तो शेवटचा हंगाम.

मद्रासच्या बाजूने पाहता या कारकिर्दीला समांतर असे चरित्र ए. जी. रामसिंग यांचे आहे. नुंगंबाक्कमहून समुद्राच्या दिशेने गेल्यावर लागणाऱ्या चेपॉकच्या मैदानावर 4 नोव्हेंबर 1934 रोजी रणजी स्पर्धेतील पहिला सामना झाला. एका दिवसात संपलेल्या त्या सामन्यात रामसिंग यांनी म्हैसूरचे 11 बळी घेतले. तेही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. त्यांचे पुत्र कृपालसिंग व मिल्खासिंग भारतातर्फे खेळले आणि पित्याची कथा पुढील पिढीत जणू पूर्ण झाली. निंबाळकरांच्या वाट्याला अशी पूर्ती आली नाही.

2002 मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना सी. के. नायडू पुरस्काराने गौरविले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये 400 धावांचा टप्पा ओलांडणारे ते आजवरचे एकमेव भारतीय फलंदाज आहेत. कसोटी न खेळता हा टप्पा गाठणारे जगातील एकमेव फलंदाज, हे त्यांचे वैशिष्ट्य 2022 पर्यंत टिकले. त्या वर्षी इंग्लंडच्या सॅम नॉर्थईस्ट यांनी नाबाद 410 धावा केल्या. 11 डिसेंबर 2012 रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, निंबाळकरांचे कोल्हापुरात निधन झाले. मृत्युलेखांतही पुन्हा त्या 9 धावांचाच हिशेब मांडला गेला. त्यांच्या चरित्रकाराला मात्र आरंभ उरलेल्या 4398 धावांपासून करावा लागेल.