मैदानावरील इंग्रजी, वहीतील स्पेलिंग

वसई : राज्यातील मराठी शाळांमध्ये सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. माणिकपूरमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या तोंडी बॅट, रन, कॅच हे शब्द असतातच. तो अडतो स्पेलिंगपाशी. देवनागरीत बहुधा उच्चाराप्रमाणे लिहिता येते, इंग्रजीत तसे नसते.

ही अडचण खेळातूनच सोडविता येते. बॅटमध्ये एक ‘टी’, बॅटिंगमध्ये दोन; रनमध्ये एक ‘एन’, रनरमध्ये दोन. छोट्या शब्दात एकाच स्वरानंतर शेवटी एकच व्यंजन असेल, तर प्रत्यय जोडताना ते सहसा दुप्पट होते. स्विमिंगही याच नियमात बसते. कॅचच्या शेवटी मात्र तीन व्यंजने असल्याने कॅचिंगमध्ये ती वाढत नाहीत.

गुडघ्याला इंग्रजीत ‘नी’ म्हणतात. त्याच्या आरंभीचा ‘के’ उच्चारला जात नाही. स्वयंपाकघरातील ‘नाइफ’चेही तसेच. १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या वसईला तर ‘बटाटा’ हा शब्दही धडा ठरावा. तो पोर्तुगीजमधून मराठीत आला आणि इंग्रजी ‘पोटॅटो’ त्याचाच भाऊबंद आहे.

म्हणूनच शब्द सुटे पाठ करण्याऐवजी समान नियमाचे शब्द एकत्र लिहून काढणे अधिक उपयुक्त ठरते.