बखरीतील स्वभावदर्शन

कथेतील माणसाचा स्वभाव वाचकाला कसा कळतो, हा विचार मराठीत कादंबरीबरोबर आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. १८५७ साली बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले; तेथून या विवेचनास प्रारंभ करण्याचा प्रघात आहे. परंतु विशेषणांचा आधार न घेता उक्ती आणि कृती यांतून माणूस उभा करण्याची कला बखरकारांना त्यापूर्वीच साधली होती. ‘भाऊसाहेबांची बखर’ हा तिचा उत्तम नमुना होय. तिच्यातील दोन प्रसंग या दृष्टीने विशेष बोलके आहेत, आणि दोहोंचेही स्थळ दिल्ली हेच आहे.

पहिला प्रसंग बुराडी घाटाचा. १० जानेवारी १७६० रोजी, दिल्लीच्या उत्तरेस यमुनेकाठी, अब्दाली आणि नजीबखान यांच्या फौजांशी लढताना दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले. बखरकार त्यांच्या शौर्याची जंत्री देत नाही. घायाळ होऊन पडलेल्या सरदारापुढे तो शत्रूला उभा करतो, त्याच्या तोंडी डिवचणारा प्रश्न घालतो आणि जीव राहिला तर लढणेही राहील, एवढ्याच आशयाचे उत्तर दत्ताजींकडून वदवतो. त्या प्रश्नात शरण जाण्याची वाट मोकळी होती. ती दिसत असूनही घेतली नाही, यातच सारा स्वभाव प्रकट झाला. हा संवाद ऐकून टिपून घेणारा रणांगणावर कोण होता, असा प्रश्न इतिहासकार विचारील आणि तो रास्तच आहे. तथापि दत्ताजी लढता लढता पडले, ही गोष्ट निर्विवाद आहे. येथे कल्पित शब्द खऱ्या कृतीशी विसंगत नाही.

दुसरा प्रसंग इतका सरळ नाही. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली आणि लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे रुपेरी छत काढवून त्याचे नाणे पाडले. बखरीत सूरजमल जाट या कृत्यास विरोध करतो आणि भाऊसाहेब तो जुमानीत नाहीत. गनिमी काव्याने लढण्याचा अनुभवी मल्हारराव होळकरांचा सल्लाही ते अवमानपूर्वक झिडकारतात. वाचकाच्या मनावर हट्टी, उद्दाम सेनापतीचे चित्र ठसते.

१८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्या काळची अस्सल पत्रे पुढे मांडून त्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर टीका केली. त्या पत्रांतले भाऊसाहेब निराळे आहेत. पैसा नाही, रसद नाही, फौजेचा खर्च भागत नाही. गोविंदपंत बुंदेल्यांकडे द्रव्याची आणि धान्याची निकड ते पुनःपुन्हा लावीत आहेत. छत उतरवण्याची कृती तीच. परंतु रिकामा खजिना शेजारी मांडताच तिचा अर्थ पालटतो. उद्दामपणाच्या जागी विवंचना दिसू लागते.

पुढे १९८८ साली विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही कादंबरी आली. बखरकार पात्राच्या मनाच्या उंबऱ्यावर थांबे. कादंबरीकार आत शिरला आणि भाऊसाहेबांची अडचण त्यांच्याच बाजूने पाहू लागला. ज्या पुरुषाच्या नावाला उद्दामपणाचा डाग लागला होता, त्याला असंख्य वाचकांची सहानुभूती लाभली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कृतीवरून स्वभाव कळतो हे खरे. पण कृतीभोवतीची कोणती परिस्थिती दाखवायची आणि कोणती झाकायची, हे लेखक ठरवतो. स्वभावाचा निवाडा बव्हंशी तेथेच होऊन जातो. कल्पित पात्राच्या बाबतीत हे लेखकाचे स्वातंत्र्य असते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडलेल्या सेनापतीच्या बाबतीत मात्र ती जबाबदारी ठरते, कारण आपली बाजू मांडण्यास तो परत येणार नसतो. रिकाम्या खजिन्याचा उल्लेख वगळला, तर वर्णनातील प्रत्येक शब्द खरा असूनही माणूस खोटा उभा राहू शकतो.