वीडा : गाजलेल्या कादंबऱ्या आणि विकलेले हक्क

इंग्लंडच्या सफोक परगण्यातील बरी सेंट एडमंड्स या जुन्या गावी १९०९ साली घोड्यांना आणि कुत्र्यांना पाणी पिता यावे म्हणून एक स्मारक उभारण्यात आले. त्यावरचा लेख लॉर्ड कर्झन यांनी रचला. होय, तेच कर्झन, वंगभंगाचे. स्मारक होते एका कादंबरीकार स्त्रीचे. ती आदल्या वर्षी इटलीत मरण पावली होती. एके काळी तिच्या कादंबऱ्यांसाठी इंग्लंडातील वाचनालयांत झुंबड उडे. मृत्यूसमयी मात्र ती सरकारी निवृत्तिवेतनावर दिवस काढीत होती.

तिचे नाव मारिया लुईझ रामे. जन्म १ जानेवारी १८३९. वडील फ्रेंच, गावात फ्रेंच शिकवीत, आई इंग्रज. लहानपणी स्वतःचे ‘लुईझा’ हे नाव तिला नीट उच्चारता येत नसे, ती ‘वीडा’ म्हणे. तेच पुढे टोपणनाव झाले. (आपल्या पानाच्या विड्याशी त्याचा काही संबंध नाही.) साधे ‘रामे’ हे आडनावही तिला पुरेसे भारदस्त वाटेना, तिने त्याचे ‘द ला रामे’ केले. वडील अधूनमधून नाहीसे होत, आणि एकदा गेले ते परतलेच नाहीत. कुटुंबाचा भार लेखणीवर पडला.

१८५७ च्या सुमारास मायलेकी लंडनला आल्या. शेजारच्या डॉक्टरांचे एक आप्त म्हणजे कादंबरीकार विल्यम हॅरिसन एन्सवर्थ. त्यांच्या ताब्यातील ‘बेंटलीज मिसेलनी’ या मासिकात १८५९ पासून वीडाच्या कथा छापून येऊ लागल्या. १८६३ मध्ये पहिली कादंबरी ‘हेल्ड इन बॉन्डेज’, मग ‘स्ट्रॅथमोर’, मग ‘चँडॉस’. उमराव, शर्यतीचे घोडे, जुगारातील कर्जे, देखणे आणि बेफिकीर लष्करी अधिकारी असा सारा मालमसाला. समीक्षकांनी नाके मुरडली. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने १८७८ मध्ये ‘वीडर’ नामक लेखिकेच्या नावे ‘स्ट्रॅपमोर’ हे विडंबनच छापले. वाचकांवर याचा काही परिणाम झाला नाही.

तिची कीर्ती ज्या कादंबरीवर उभी राहिली ती ‘अंडर टू फ्लॅग्ज’ (१८६७). भावाचा अपराध आणि एका स्त्रीची अब्रू झाकण्यासाठी बर्टी सेसिल हा इंग्रज उमरावपुत्र आपले नाव टाकून देतो आणि अल्जीरियातील फ्रेंच पलटणीत साधा शिपाई होतो. तेथे ‘सिगारेट’ नावाची, छावणीत वाढलेली, शिव्या देणारी, पुरुषांच्या बरोबरीने घोडा फेकणारी पोरगी त्याच्यावर जीव लावते आणि अखेर त्याच्यावर झाडलेल्या गोळ्या स्वतःच्या अंगावर घेते. कथानक भडक आहे, यात वाद नाही. परंतु व्हिक्टोरियन कादंबरीतील नायिका दिवाणखान्यात मूर्च्छित पडत असताना ही मुलगी रणांगणावर होती, हेही विसरता येत नाही. ‘मॉथ्स’ (१८८०) मध्ये तर क्रूर पतीपासून सुटलेल्या नायिकेला दुसऱ्या पुरुषासोबत सुख लाभते. त्या काळच्या कादंबरीत अशा स्त्रीच्या वाट्याला बहुधा मृत्यू किंवा पश्चात्तापच येई.

या यशाच्या भरात वीडा लंडनच्या नव्याकोऱ्या लँगहॅम हॉटेलात राहू लागली. तेथे तिच्या मेजवान्यांना सैन्याधिकाऱ्यांचा भरणा असे आणि त्यांच्या गप्पा पुढे पुस्तकांत उतरत. पॅरिसच्या वर्थने शिवलेले पोशाख, फुलांनी भरलेल्या खोल्या, मेणबत्त्यांच्या उजेडात लेखन, अशी तिची ख्याती होती. आपल्या नायिकांचे आयुष्य ती स्वतः जगू पाहत होती.

१८७१ मध्ये तिने इंग्लंड सोडले आणि आईसह इटलीत फ्लॉरेन्सला मुक्काम केला. त्याच वर्षी इटलीची राजधानी तेथून रोमला हलली. शहरात इंग्रजांची मोठी वस्ती होती. हवा चांगली, चित्रे-शिल्पे दाराशी, आणि लंडनपेक्षा कमी खर्चात ऐटीत राहण्याची सोय. १८७४ पासून शहराबाहेर स्कँडिची येथील विला फारिनोला हा तिचा वाडा झाला. घोडागाडी, नोकर, आणि मोजता येणार नाहीत इतके कुत्रे.

येथेच ती मार्केझे लोतारिंगी देल्ला स्तूफा या सरदाराच्या प्रेमात पडली. त्याची इंग्रज वसाहतीतील जॅनेट रॉस या विवाहित, बुद्धिमान आणि करारी स्त्रीशी जुनी जवळीक होती. रॉस कुटुंब राहतही होते त्याच्याच वाड्यात. विवाहाची आशा मावळल्यावर वीडाने १८७८ मध्ये ‘फ्रेंडशिप’ लिहिली. कथा रोममध्ये घडते, नावे बदललेली. पण कोण कोणाचे सोंग आहे हे फ्लॉरेन्समध्ये सर्वांनी ओळखले. कादंबरीतील निष्पाप, प्रतिभावान लेखिका कोण, हे सांगण्याची तर गरजच नव्हती. पुस्तक गाजले आणि त्या छोट्या इंग्रज वस्तीतील बरीच दारे तिला बंद झाली. परदेशात अशी वस्ती हाच आपला समाज असतो. तो तिने एका पुस्तकाच्या मोबदल्यात गमावला.

मात्र इटलीत राहून तिने केवळ सरदारच पाहिले असे नव्हे. ‘अ व्हिलेज कम्यून’ (१८८१) या कादंबरीत नव्या इटलीच्या ग्रामपालिकेतील क्षुद्र अधिकारी दंड आणि करांनी गरीब शेतकऱ्याला कसे नागवतात, याचे चित्र आहे. रस्किनसारख्या कठोर वाचकाने या पुस्तकाची प्रशंसा केली. तिच्या लेखनातील हा भाग आज अधिक वाचला जावा इतका सकस आहे.

एवढे यश असताना पैसा गेला कोठे? उधळपट्टी हे अर्धेच उत्तर. उरलेले अर्धे त्या काळच्या प्रकाशनव्यवहारात आहे. तीन खंडांतील नव्या कादंबरीची किंमत ३१ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे सामान्य घराच्या आवाक्याबाहेर. म्हणून ग्राहक म्हणजे मुडीसारखी फिरती वाचनालये. वर्षाला एक गिनी भरून वाचक तेथून पुस्तके नेत. प्रकाशक लेखकाला बहुधा एकरकमी पैसे देऊन हक्कच विकत घेई. वीडाला रोख रक्कम नेहमीच तातडीने हवी असे, त्यामुळे ती हक्क विकत गेली. पुढे चॅटो अँड विंडसने याच कादंबऱ्या स्वस्त आवृत्त्यांत छापल्या आणि त्या हातोहात खपल्या. लेखिकेचा हिशेब केव्हाच मिटला होता. रंगभूमीची तऱ्हा आणखी वेगळी. कादंबरीवरून नाटक करण्यासाठी लेखकाची परवानगी घेण्याचे बंधन इंग्लंडच्या कायद्यात १९११ पर्यंत नव्हते. १८८२ मध्ये ‘मॉथ्स’ लंडनच्या रंगमंचावर आले, तेव्हा वीडाला निषेधापलीकडे काही करता आले नाही.

१८८८ मध्ये कर्जापायी विला फारिनोला सुटला. १८९३ मध्ये आई गेली, तेव्हा तिच्या कबरीपुरतेही पैसे नव्हते. १८९४ मध्ये मुडी आणि स्मिथ या दोन बड्या वाचनालयांनी खंडामागे चार शिलिंगांहून अधिक देणार नाही असे जाहीर केले आणि तीन खंडी कादंबरीचा व्यवहारच कोसळला. त्याच वर्षी वीडा फ्लॉरेन्स सोडून लुक्काजवळच्या सांत आलेस्सिओला गेली.

त्याच १८९४ मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’त सारा ग्रँड या लेखिकेच्या स्त्रीविषयक निबंधाला वीडाने उत्तर दिले. ‘न्यू वूमन’ हा शब्दप्रयोग रूढ होण्याचे श्रेय बहुधा याच वादाला दिले जाते. गंमत अशी की वीडा ‘नव्या स्त्री’च्या विरोधात होती. अविवाहित, स्वतःच्या कमाईवर आईला पोसणारी, परदेशी घर चालवणारी ही बाई स्त्रियांच्या मताधिकारालाही विरोध करीत असे. आपण अपवाद आहोत आणि अपवादच राहावे, असे तिला वाटत असावे.

अखेरच्या काळात ती घरे बदलत राहिली. भाडे थकले, पण कुत्रे सुटले नाहीत. १९०६ मध्ये ब्रिटिश सरकारने तिला वार्षिक १५० पौंडांचे निवृत्तिवेतन देऊ केले. तिला ते अपमानास्पद वाटले, मात्र नाकारणे परवडणारे नव्हते. पुढच्या वर्षी लंडनच्या एका वृत्तपत्राने कोणा वृद्ध शेतकरणीचे छायाचित्र ‘दरिद्री वीडा’ म्हणून छापले आणि मेरी कोरेली या लोकप्रिय कादंबरीकर्तीने मदतीसाठी जाहीर आवाहन केले. वीडा संतापली. उपाशी राहणे तिला चालले असते. उपासाची बातमी होणे चालणारे नव्हते.

२५ जानेवारी १९०८ रोजी व्हियारेज्जो येथे न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला. ‘हेलिअँथस’ ही कादंबरी अपुरी राहिली आणि तशीच प्रसिद्ध झाली.

तिचे सर्वांत दीर्घायुषी पुस्तक मात्र कोणत्याही उमरावाचे नाही. १८७२ ची ‘अ डॉग ऑफ फ्लँडर्स’ ही छोटी कथा दूध वाहणारा अनाथ नेल्लो आणि त्याचा कुत्रा पत्राश यांची आहे. रूबेन्सची चित्रे पाहण्याची आस धरलेला हा मुलगा कुत्र्याला कवटाळून अँटवर्पच्या कॅथेड्रलमध्ये थंडीने मरतो. बेल्जियममध्ये ही कथा दीर्घकाळ फारशी कोणाला ठाऊक नव्हती. जपानमध्ये तिचे भाषांतर वीडाच्या मृत्यूच्याच वर्षी झाले, १९७५ मध्ये त्यावर दूरचित्रवाणीवरील अॅनिमे मालिका निघाली, आणि जपानी पर्यटक अँटवर्पला येऊन नेल्लोचा पत्ता विचारू लागले. २०१६ मध्ये कॅथेड्रलसमोर फरसबंदीचेच पांघरूण घेऊन झोपलेल्या मुलाचे आणि कुत्र्याचे शिल्प बसवण्यात आले.

वीडाची कबर बान्यी दी लुक्का येथील इंग्रजी दफनभूमीत आहे. नाव गुप्त ठेवलेल्या एका चाहत्याने तिचा खर्च केला. दगडात पहुडलेल्या स्त्रीच्या पायाशी एक कुत्रा कोरला आहे.